मंगल कार्यालय आगाऊ रक्कम परत देत नाही : काय करता येईल?

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. माझ्या मुलीचे लग्न वैशाखात पुण्याच्या उपनगरातील एका मंगल कार्यालयात करायचे ठरले होते, कारण मुलाकडची बहुतेक मंडळी त्या बाजूची आहेत. पूर्ण दिवसाचे भाडे ३ लाख रुपये ठरले. बुकिंगच्या वेळी निम्मे भाडे, म्हणजे १,५०,००० रुपये, त्यावरील १८ टक्के जीएसटीचे २७,००० रुपये आणि मोडतोडीपोटी अनामत म्हणून ४०,००० रुपये, असे एकूण २,१७,००० रुपये मी माझ्या बँक खात्यातून भरले. पावती माझ्या नावावर आहे.

माघ महिन्यात मुलाच्या वडिलांचे अचानक निधन झाले. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात मंगलकार्य करायचे नाही, असे त्यांच्याकडच्या ज्येष्ठांचे म्हणणे आहे आणि ते आम्हांलाही मान्य आहे. लग्नाला जवळजवळ तीन महिने बाकी असतानाच मी कार्यालयाला फोन करून बुकिंग रद्द करण्यास सांगितले आणि त्याच संध्याकाळी तसा संदेशही पाठवला. व्यवस्थापकांनी सहानुभूती दाखवली, मात्र पैशांचा विषय निघताच पावतीच्या मागे छापलेल्या अटीकडे बोट दाखवले : ‘बुकिंगची रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ फार आग्रह केल्यावर त्यांनी बुकिंगपासून एक वर्षाच्या आतील दुसरी तारीख देण्याची तयारी दर्शवली, तीही त्या वेळच्या नव्या दराने. वर्षभर लग्नच करायचे नसल्यामुळे त्या तारखेचा आम्हांला काहीही उपयोग नाही.

दरम्यान एका परिचितांनी त्याच तारखेची चौकशी केली असता ‘ती तारीख आता गेली’ असे उत्तर त्यांना मिळाले. म्हणजे आमची तारीख दुसऱ्या कुणाला तरी दिली गेली आहे. एकाच दिवसाचे भाडे दोन कुटुंबांकडून घेण्याचा त्यांना अधिकार आहे का? अटीखाली माझी सही आहे, हेही येथे स्पष्टपणे सांगतो. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नोंदवही

गोदाकाठ, तुमच्या व्याह्यांविषयी वाचून वाईट वाटले. व्यवहाराचे बोलायचे तर सर्वप्रथम या २,१७,००० रुपयांकडे एकच रक्कम म्हणून पाहणे सोडा, कारण कार्यालय नेमके तेच करत आहे. तुमच्या मजकुरात तीन वेगवेगळ्या रकमा आहेत आणि तिन्हींचे न्याय वेगळे आहेत.

४०,००० रुपयांची अनामत ही खुर्च्या, भांडी, काचा यांची मोडतोड झाली तर त्यातून वळती करण्यासाठी घेतलेली आहे. तुम्ही वास्तूत पाऊलच ठेवलेले नाही, त्यामुळे मोडतोडीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ‘बुकिंगची रक्कम’ या शब्दांत अनामत बसते असे म्हणणे कार्यालयाला फार कठीण जाईल. ही रक्कम स्वतंत्रपणे, वेगळ्या परिच्छेदात मागा. कार्यालयाने ती दिली तर उरलेल्या वादाचे ओझे तेवढे कमी होईल, आणि ती देण्यासही नकार दिला तर त्यांची भूमिका किती अवाजवी आहे हे पुढे कुणालाही सहज दाखवता येईल.

जीएसटीची रक्कम कार्यालयाचे उत्पन्नच नव्हे. सेवा देण्यापूर्वी आगाऊ रक्कम घेतली तर नोंदणीकृत व्यावसायिकाने पावती व्हाउचर द्यायचे असते आणि पुढे सेवा दिली गेली नाही व पैसे परत केले तर परतावा व्हाउचर द्यायचे असते, अशी तरतूद केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. त्यामुळे ‘कर सरकारला भरला, आता आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

खरा वाद १,५०,००० रुपयांचा आहे. त्याबद्दल कायद्याचे जाणकार सांगतीलच. तोपर्यंत पावतीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, बँकेचा उतारा, रद्द केल्याचा संदेश आणि त्यावरील त्यांचे उत्तर एकत्र करून ठेवा. यापुढे फोनवर जे बोलणे होईल त्याचा गोषवारा त्याच दिवशी लेखी पाठवत जा : ‘आज आपण फोनवर असे म्हणालात, यात काही चुकीचे असल्यास कळवावे.’ फोनवरचा नकार पुढे सहज नाकारला जातो, म्हणून ही सवय फार महत्त्वाची आहे.

कायदेवाचक

मी ग्राहक आयोगात वकिली करतो, तरी येथे लिहितो आहे ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. कागदपत्रे पाहिल्याशिवाय कुणीही ठाम मत देऊ नये.

अटीखाली सही आहे म्हणून सगळे संपले, असे समजण्याचे कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार कराराचा भंग झाल्यावर द्यावयाची रक्कम करारातच लिहिलेली असली, तरी समोरच्या पक्षाला मिळते ती ‘वाजवी भरपाई’, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तो आकडा आपोआप हक्काचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मौला बक्ष प्रकरणात हे स्पष्ट केले. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी वगैरे पुरवण्याचा कंत्राटदाराचा करार होता. पुरवठ्यात कसूर झाल्याबद्दल सरकारने त्याच्या १०,००० आणि ८,५०० रुपयांच्या अनामती जप्त केल्या होत्या. नुकसान मोजता येण्यासारखे असताना सरकारने ते सिद्ध केले नाही, म्हणून ती जप्ती टिकली नाही.

तुमच्या प्रकरणाला त्याहून जवळचा निकाल २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा आहे. १९८२ च्या लिलावात ३.१२ कोटी रुपयांना घेतलेल्या भूखंडापोटी कंपनीने ७८ लाख रुपये भरले होते. प्राधिकरणाने ते जप्त केले आणि पुढे तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. नुकसानच झालेले नाही तर भरपाई कशाची, असा प्रश्न उपस्थित करून सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम परत देण्याचा एकल न्यायाधीशांचा आदेश पुन्हा लागू केला. तुमची तारीख दुसऱ्याला दिली गेली असेल, तर तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

तरीही एक बाजू आधीच सांगून ठेवतो. ठरवून दिलेला इसार, म्हणजे करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली वाजवी रक्कम, करार मोडणाऱ्याला गमवावी लागू शकते; आगाऊ दिलेल्या मोबदल्याचे तसे नसते. निम्मे भाडे हा इसार आहे असे कार्यालय म्हणेल. भाड्याचा निम्मा भाग हमी म्हणून वाजवी ठरत नाही, असे आपण म्हणायचे. पावतीवर त्या रकमेसमोर नेमके काय लिहिले आहे ते पाहून येथे कळवा.

गोदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पावतीवर ‘हॉल भाडे आगाऊ’ असे छापील शब्द आहेत आणि त्याखालच्या ओळीत ‘सिक्युरिटी डिपॉझिट, परतावायोग्य’ असे हाताने लिहिलेले आहे. ‘परतावायोग्य’ हा शब्द आजवर माझ्या लक्षातच आला नव्हता.

सनईचौघडा

मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे छोटे मंगल कार्यालय आहे आणि ते मी व माझा भाऊ चालवतो. कार्यालयवाले सगळे लबाड असतात, असा सूर अशा चर्चांमध्ये लवकर लागतो, म्हणून आमची अडचण मांडणे मला आवश्यक वाटते.

आमचा व्यवसाय मुहूर्तांवर चालतो. चातुर्मासात वास्तू जवळजवळ रिकामी असते, पण वॉचमनचा पगार, मालमत्ता कर, विजेचा स्थिर आकार आणि कर्जाचा हप्ता बारा महिने चालू राहतो. वैशाखातील एखाद्या मोठ्या तिथीला चार कुटुंबे विचारायला येतात, त्यांतील एकाला तारीख देऊन आम्ही तिघांना परत पाठवतो. पहिल्याने आठ दिवस आधी लग्न रद्द केले, तर तोवर ते तिघे दुसरीकडे गेलेले असतात आणि तो दिवस कायमचा वाया जातो. आचारी, मंडपवाले, सजावटवाले यांना आम्ही दिलेली आगाऊ रक्कमही अडकते. त्यामुळे रद्द करणाऱ्याने काहीच सोसू नये, ही अपेक्षा आम्हांला न्याय्य वाटत नाही.

पण हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो की, तीन महिने आधी कळवलेल्या आणि पुन्हा भाड्याने गेलेल्या तारखेचे पैसे ठेवून घेणे हा व्यवसाय नव्हे. आमच्याकडे रद्द केलेली तारीख दुसऱ्याला गेली, तर आम्ही किरकोळ कार्यालयीन खर्च वजा करून बाकीचे परत देतो. दुसरे गिऱ्हाईक कमी भाड्याने मिळाले, तर तेवढा फरक वजा करतो आणि हिशेब लिहून देतो. घरातील मृत्यूमुळे लग्न पुढे गेले असेल, तर आम्ही त्या कुटुंबाशी भाव करत नाही. तुम्ही कार्यालयाला एवढेच विचारा की त्या तारखेचे नवे बुकिंग किती भाड्याने झाले. प्रामाणिक मालकाला याचे उत्तर द्यायला अडचण येत नाही.

पर्वतीपायथा

सनईचौघडा यांच्यासारखे मालक असते तर हा धागा निघालाच नसता. गोदाकाठ, नोटीस, आयोग या सगळ्यात वर्षे जातील. सरळ पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या आणि त्याच दिवशी नकाशावरच्या त्यांच्या पानावर आणि सगळ्या समाजमाध्यमांवर त्यांचे नाव घेऊन लिहा. ‘पैसे द्या, नाहीतर रोज लिहीन’ असे सांगितल्याशिवाय ही माणसे हलत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

कायदेवाचक

पर्वतीपायथा, तुमचा संताप समजतो, पण हा सल्ला गोदाकाठ यांना अडचणीत आणू शकेल. फसवणूक सिद्ध होण्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. एकच तारीख आधीच दुसऱ्याला दिलेली असताना पैसे घेतले असते, तर गोष्ट निराळी होती. येथे बुकिंग खरे होते आणि रद्द ग्राहकाने केले आहे, त्यामुळे पोलीस ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ असे सांगतील, आणि त्यांचे ते म्हणणे बरोबर असेल.

स्वतःचा खरा अनुभव संयत भाषेत लिहिण्यास हरकत नाही. परंतु ‘पैसे द्या, नाहीतर लिहीन’ असा संदेश हातात पडला की कार्यालय तक्रारदाराच्या भूमिकेत जाते आणि मूळ हिशेब बाजूला राहतो. आयोगासमोर जो पत्रव्यवहार ठेवायचा आहे, त्यात आपली प्रत्येक ओळ शांत आणि मुद्देसूद असली पाहिजे.

खाडीपलीकडे

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण त्यातून फरक कळेल. एप्रिल २०२१ मध्ये भावाचे लग्न ठाण्यातील एका सभागृहात होते. ‘ब्रेक द चेन’च्या आदेशाने लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी राहिली. आम्ही ५०० माणसांचे सभागृह घेतले होते. त्या वेळी करार कायद्याचे कलम ५६ आणि ६५ आमच्या कामी आले : आमच्या किंवा त्यांच्या हातात नसलेल्या कारणाने करार पार पाडणे अशक्य झाले, तर करार निरर्थक ठरतो आणि घेतलेला लाभ परत करावा लागतो, असे पत्र आम्ही लिहिले. सभागृहाने आधी पुढच्या वर्षासाठीचे जमापत्र देऊ केले होते. ते आम्ही नाकारले आणि पत्रानंतर बहुतांश रक्कम परत मिळाली.

कलम ५६ गोदाकाठ यांना लागू होईल का?

कायदेवाचक

माझ्या मते नाही, आणि त्यावर भर देऊही नये. टाळेबंदीत सभागृह वापरणेच कायद्याने अशक्य झाले होते. येथे वास्तू उपलब्ध होती, लग्न पुढे ढकलण्याचा निर्णय कुटुंबाचा होता. निर्णयामागचे कारण कितीही खरे आणि दुःखद असले, तरी करार पार पाडणे अशक्य झाले असे म्हणता येणार नाही. दुबळा मुद्दा पुढे केला की समोरचा वकील त्यावरच बोलत राहतो. कलम ७४ आणि पुन्हा भाड्याने दिलेली तारीख, एवढ्यावरच उभे राहा.

आणखी एक बारकावा नमूद करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली आहे आणि नुकसानीच्या मानाने अगदीच विसंगत दंड लादणारी अट तिच्या व्याख्येत येते. अनेकजण जिल्हा आयोगात नेमकी हीच व्याख्या उद्धृत करतात. मात्र अनुचित करारांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे. जिल्हा आयोगात जाताना तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या आधारांवर मांडावी, म्हणजे अधिकारक्षेत्राच्या वादात वेळ जाणार नाही.

गोदाकाठ

सर्वांच्या सूचनांवरून मी नोटिशीचा मसुदा तयार केला आहे. कृपया त्यातील उणिवा दाखवाव्यात.

‘मी आपल्या कार्यालयाचे वैशाखातील नमूद तारखेचे बुकिंग करून सोबत जोडलेल्या पावतीनुसार २,१७,००० रुपये भरले. वराच्या वडिलांच्या निधनामुळे विवाह पुढे ढकलावा लागत असल्याचे मी आपणांस सुमारे तीन महिने आधी दूरध्वनीने आणि लेखी संदेशाने कळवले. आपण कोणतीही सेवा दिलेली नाही. त्यामुळे, प्रथम, परतावायोग्य असे आपणच लिहिलेली ४०,००० रुपयांची अनामत विनाविलंब परत करावी. दुसरे, सदर तारीख आपण अन्य ग्राहकास दिली असल्यास त्या बुकिंगची तारीख व भाडे कळवावे. तिसरे, माझे बुकिंग रद्द झाल्यामुळे आपले प्रत्यक्ष नुकसान झाले असल्यास त्याचा हिशेब पुराव्यासह द्यावा आणि उर्वरित आगाऊ भाडे त्यावरील जीएसटीसह परत करावे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम किंवा समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक आयोगात दाद मागेन आणि त्या वेळी ९ टक्के व्याज व तक्रारीचा खर्चही मागेन.’

मानसिक त्रासापोटी ५ लाख रुपये मागावेत असे एका नातेवाइकांचे म्हणणे आहे. ते यात घालावे का?

नोंदवही

५ लाख घालू नका. नोटीस चांगली झाली आहे, कारण तिच्यात तुम्ही त्यांच्या खऱ्या नुकसानीचा हिशेब ऐकण्याची तयारी दाखवली आहे. अवाच्या सवा आकडा आला की तीच नोटीस धमकीसारखी वाचली जाते. त्रासाबद्दलची माफक रक्कम तक्रारीत स्वतंत्रपणे मागता येईल.

नोटीस कुणाच्या नावाने पाठवायची, याकडे लक्ष द्या. कार्यालयाच्या पाटीवरचे नाव आणि कायद्याच्या दृष्टीने मालक असलेली व्यक्ती किंवा संस्था बहुतेक वेळा वेगळी असते. पावतीवरील जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून शोधल्यास नोंदणीकृत कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतात. वास्तू सार्वजनिक न्यासाची असेल तर विश्वस्तांना नोटीस पाठवा, आणि अशा वेळी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करण्याचाही मार्ग असतो. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवा. पाकिटावरचा पत्ता पावतीवरचा आणि जीएसटी नोंदणीतला, असे दोन्ही ठेवा.

सनईचौघडा

एक विनंती करतो. नोटीस पाठवल्यानंतर मालकांना स्वतः एकदा फोन करा. अनेक ठिकाणी व्यवस्थापकालाच वाटत असते की पैसे परत दिले तर मालक रागावतील, आणि मालकापर्यंत निधनाची गोष्ट पोचलेलीच नसते.

गोदाकाठ

बरेच दिवसांनी लिहितो आहे. मालकांशी बोलणे झाले. ते सौजन्याने बोलले, पण ‘नियम सर्वांना सारखा’ यापलीकडे गेले नाहीत. नोटिशीला मुदतीत उत्तर आले नाही. त्यानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्याचा परिणाम असेल किंवा नोटिशीचा, पण कार्यालयातून फोन आला की अनामतीचे ४०,००० आणि भाड्यापैकी ५०,००० असे ९०,००० रुपयांचा पुढच्या तारखेचा धनादेश तयार आहे. तो घेताना ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा पत्रावर सही करावी लागेल. घरातील काहींचे म्हणणे आहे की मिळते आहे ते घ्यावे.

कायदेवाचक

घ्यायचे की नाही हा निर्णय तुमचा आहे, आणि थकवा हेही तडजोडीचे सन्माननीय कारण असू शकते. पण त्या पत्रावर सही केल्यावर उरलेल्या रकमेसाठी तक्रार करणे फार अवघड होईल, हे नीट समजून घ्या. हातात फक्त पुढच्या तारखेचा धनादेश असताना ‘रक्कम मिळाली’ असे तर कधीच लिहून देऊ नका. धनादेश वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात तक्रार, अशी काटेकोर मुदतींची वेगळीच वाट धरावी लागते. ‘अनामत निर्विवाद आहे, ती थेट माझ्या खात्यात भरा, आणि उरलेल्या भाड्याबद्दल आम्ही तारखेचा हिशेब मागतो आहोत,’ असे कार्यालयाला लेखी उत्तर द्या.

आयोगाची भीती बाळगू नका. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे कार्यालय पुण्यात असले तरी तुम्ही नाशिकमध्येच दाखल करू शकता. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे आणि वकील लावणे सक्तीचे नाही. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे. निकालाला मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरा.

तक्रारीसोबत एक अर्ज अवश्य करा. कागदपत्रे हजर करायला लावण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आयोगाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आहे. त्या तारखेची बुकिंग नोंदवही आणि नव्या ग्राहकाला दिलेली पावती हजर करण्याचा आदेश मागा. नव्या कुटुंबाचे नाव झाकून दिले तरी चालेल, कारण आपल्याला केवळ भाड्याचा आकडा हवा आहे.

खाडीपलीकडे

ज्यांना तक्रार स्वतः लिहिण्याचा धीर होत नाही, त्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेची मदत घ्यावी. १९७५ पासून ही संस्था काम करते आहे. अशा संस्थांतील अनुभवी कार्यकर्ते कागद वाचून नेमके कुठे बोट ठेवायचे ते सांगतात.

गोदाकाठ

धाग्यावर ज्यांनी वेळ दिला त्यांना शेवट कळवणे माझे कर्तव्य आहे. मी धनादेश घेतला नाही, नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आणि कायदेवाचक यांनी सांगितलेला नोंदवहीचा अर्जही केला. कार्यालयाने वकिलामार्फत म्हणणे मांडले, त्यात छापील अटीवरच सगळा भर होता. नोंदवही हजर करण्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांच्या वकिलांनीच मध्यस्थीची तयारी दाखवली आणि आयोगाने प्रकरण मध्यस्थी कक्षाकडे पाठवले.

तेथे पहिल्यांदा हिशेब टेबलावर आला. आमची तारीख आम्ही रद्द केल्यानंतर काही आठवड्यांतच दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली होती. तिचे भाडे २,७५,००० रुपये ठरले होते, कारण त्यांना वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या नको होत्या. म्हणजे कार्यालयाचे प्रत्यक्ष नुकसान २५,००० रुपयांचे झाले होते. सनईचौघडा यांनी मांडलेला न्याय मला सुरुवातीपासून पटला होता, म्हणून तेवढी रक्कम आणि तिच्यावरील ४,५०० रुपयांचा कर कार्यालयाने ठेवावा हे मी मान्य केले. मला १,२५,००० रुपये भाडे, त्यावरील २२,५०० रुपये कर आणि ४०,००० रुपये अनामत, असे १,८७,५०० रुपये मिळाले. व्याज आणि खर्चाची मागणी मी सोडली. तडजोड लेखी होऊन दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या आणि आयोगाने तिच्यानुसार आदेश दिला. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच मी पूर्ण व अंतिम पोच लिहून दिली.

पर्वतीपायथा

अभिनंदन. त्या वेळचा माझा सल्ला आपण ऐकला नाही, ते योग्यच झाले. एक विचारतो : आयोगाच्या आदेशानंतरही कार्यालयाने पैसे दिले नसते तर?

कायदेवाचक

आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे करून घेता येते. त्याशिवाय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तसा अर्ज त्याच आयोगात करायचा असतो. त्यामुळे बाहेर तोंडी तडजोड करून तक्रार मागे घेऊ नये; तडजोड आयोगाच्या आदेशात उतरवून घ्यावी.

सनईचौघडा

या चर्चेनंतर आम्ही आमच्या पावतीच्या मागची अट बदलली आहे. आता तेथे असे छापले आहे : ‘बुकिंग रद्द झाल्यास आणि तारीख दुसऱ्या ग्राहकास गेल्यास दोन भाड्यांतील फरक व कार्यालयीन खर्च वजा करून उर्वरित रक्कम करासह परत केली जाईल व त्याचा लेखी हिशेब दिला जाईल. अनामत रकमेचा रद्द करण्याशी संबंध नाही.’ कार्यालयीन खर्चाचा आकडाही तेथेच छापावा की बुकिंगच्या वेळी हाताने लिहावा, याबद्दल कायदेवाचक यांनी मत दिल्यास पुढच्या छपाईत तशी दुरुस्ती करता येईल.

कायदेवाचक

आकडा छापूनच ठेवा आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला तो वाचून दाखवून त्याच ओळीसमोर सही घ्या.